सत्त्याण्णव हजार सत्त्याण्णव

घड्याळजींच्या दुकानामागच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ होतं, आणि त्या घड्याळावर बाईंचा राग होता. वस्तूवर असतो तसा नव्हे, माणसावर धरतात तसा. त्याच्याकडे न बघता त्या खोलीतून कपडे उचलायच्या, न बघता केर काढायच्या, आणि आठवड्याची चावी द्यायची वेळ आली की नवऱ्याला म्हणायच्या, "तुमच्या लाडक्याला भरवा."

बाई म्हणजे घड्याळजींची बायको. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. नवराही बाईच म्हणायचा, आणि लाडात आला की 'अहो बाई'.

घड्याळ मोठं देखणं होतं. तबकडीच्या वर काचेची एक लांबट खिडकी, तिच्या आत पितळेची फांदी. मागे तीन चाकं, आणि प्रत्येक चाकाच्या एका दात्यावर एक पितळी पक्षी. तासाचा ठोका पडला की एक दांडी तिन्ही चाकांना एकेक दाता पुढे ढकलायची. फिरत फिरत पक्ष्याचा दाता वर आला की तो पक्षी फांदीवर येऊन बसायचा, तासभर थांबायचा, आणि पुढच्या ठोक्याला निघून जायचा. एक पक्षी डावीकडे बघणारा, एक उजवीकडे, आणि तिसरा, जरा बारका, चोच वर करून आभाळाकडे. चाकांचे दाते सारखे नव्हते, म्हणून तिघांच्या यायच्या वेळाही वेगळ्या. बहुतेक वेळ फांदी रिकामीच असायची.

चाकं घड्याळजींनी कागदावर आखली होती आणि कापली होती त्यांच्या मुलाने. नाव काहीही असो, घरात तो टिक्या. एका जागी स्वस्थ बसायचा नाही, सारखी टिकटिक.

"दाते असे निवडलेत," घड्याळजी तेव्हा त्याला सांगत होते, "की कुणाचं कुणाशी काही नातं नाही. एकोणऐंशी, एकोणनव्वद आणि सत्त्याण्णव. तिन्ही मूळ संख्या. तिघांत काही सामाईक नसलं की तिघांची गाठ पडायला तिघांचा गुणाकार पुरा व्हावा लागतो. सहा लाख ब्याऐंशी हजार सात तास!"

"म्हणजे वर्षं किती?"

"अठ्ठ्याहत्तरला थोडी कमी," स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला.

टिक्याने कानस खाली ठेवली. "मग ते बघणार कोण, बाबा?"

"कुणीतरी बघेल."

"तुम्ही नाही, आई नाही. मीसुद्धा नसेन. मग करायचं कशाला?"

"आपण केलेलं आपल्यालाच बघायला मिळावं, हा हट्ट कशाला?" घड्याळजी म्हणाले. "तू कापतोस का मी कापू?"

टिक्याने कापली.

ज्या दिवशी दुपारी चार वाजता घड्याळ सुरू केलं त्या दिवशी तिन्ही पक्षी फांदीवर एका ओळीत बसवले होते, आणि खाली ही तीन माणसं ओळीत उभी. बाईंनी हात जोडले. नेमक्या त्याच तासात टिक्याने तोंड उघडलं. दूरच्या शहरात एका कारखान्यात त्याला नोकरी लागली होती. तिथे सेलवर चालणारी घड्याळं बनत होती, दिवसाला हजारांनी.

घड्याळजी आधी हसले, त्यांना थट्टाच वाटली. मग तोफेला बत्ती लागली. चावी, स्प्रिंग, लंबक, बाप, आजोबा, सगळ्यांची नावं निघाली. आणि शेवटी त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "जा! हे तिन्ही परत एका फांदीवर बसतील ना, तेव्हा ये घरी. तोवर मला तोंड दाखवू नकोस."

आणि टिक्या हसला.

रडला असता, उलट बोलला असता, तर बाईंना चाललं असतं. तो हसला. "बाबा, शब्द देताय?"

"दिला."

"फिरवायचा नाही हं."

"मी आजवर कधी फिरवलाय?"

खरंच, कधीच नव्हता फिरवला. तीच तर पंचाईत होती. पाच वाजले, पक्षी उठून गेले, आणि दिवेलागणीला टिक्याही गेला.

त्या हसण्याचं कोडं बाईंना पुढची सगळी वर्षं सुटलं नाही. घर सुटत असताना हसतो कसा हा पोरगा?

फोन यायचा त्याचा, महिन्या-दोन महिन्यांनी. जेवण, खोकला, पगार, नवी खोली. शेवटी बाई विचारायच्याच, "येतोस का रे?" आणि दर वेळी उत्तर तेच, "येईन गं, पक्षी बसले की." मग बाई फोन ठेवायच्या आणि ओट्यावरचा पुसलेला भाग पुन्हा पुसायच्या.

दुकानातून आवाज यायचा, "कोण होतं?"

"चुकीचा नंबर."

जरा वेळ भिंग पुसल्याचा आवाज. मग, "चुकीच्या नंबराची तब्येत बरी आहे ना?"

"खोकला आहे."

"हं. खोकल्याला मध घ्यावा. चुकीच्या नंबराने." एवढं बोलून घड्याळजी पुन्हा कामात डोकं घालायचे.

बाईंना वाटायचं, उठावं आणि या माणसाला गदागदा हलवावं. पण त्यांचंही चुकत होतं असं म्हणता येत नव्हतं. दुरुस्तीला आलेलं घड्याळ मंगळवारी देतो म्हटलं की मंगळवारी. तापाने फणफणलेले असले तरी मंगळवारी. याच स्वभावावर भाळून त्यांनी लग्न केलं होतं, आता तक्रार कुणाकडे करणार?

टिक्याचा पलंग तसाच होता. त्यावर कुणी झोपत नव्हतं, तरी चादर बदलली जायची, उशीचा अभ्रा धुऊन परत घातला जायचा. कुणी येणार नाही हे पक्कं माहीत असताना उशी झटकत राहायचं, याला वेडेपणा म्हणा हवं तर. देवाचं नाव घेणारा तरी याहून वेगळं काय करतो? तोही जागा झाडून ठेवतो. रस्त्यात एखाद्या तरुणाची मान पाठीमागून टिक्यासारखी दिसली की बाई चार पावलं जास्त चालायच्या. तो वळायचा. दुसराच कुणी असायचा. मग बाई उगाच कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण घेऊन परत यायच्या. घरात साबण फार साठला होता.

अशी दहा वर्षं गेली, अकरावंही सरत आलं.

घड्याळजींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. एक रात्र दवाखान्यात राहायचं होतं. जाताना त्यांनी तीनदा बजावलं, "चावीचा दिवस आहे. मागचं घड्याळ थांबता कामा नये. बाकीची सगळी थांबली तरी चालतील."

"पोटच्या पोराला थांबवलं नाहीत," बाई म्हणाल्या, "आणि घड्याळ थांबू नये म्हणताय."

घड्याळजींनी पिशवी उचलली.

झोपायच्या आधी बाई नाइलाजाने मागच्या खोलीत गेल्या. चावी दिली आणि नजर वर गेली. फांदीवर दोन पक्षी होते, डावीकडे बघणारा आणि उजवीकडे बघणारा. एकमेकांकडे पाठ करून, पण शेजारी शेजारी. बाईंच्या मनात आलं, ही आम्ही दोघं. या दोघांची गाठ दहा महिन्यांतून एकदा पडते असं त्या वेळी घड्याळजींनी सांगितलं होतं, ते आठवलं. बरं, योग होता म्हणायचा. त्यांनी दिवा मालवला.

सहा आठवड्यांनी डोळा तपासायला घड्याळजींना पुन्हा जावं लागलं. दुपार होती. बाई वाळलेले कपडे ठेवायला मागच्या खोलीत शिरल्या आणि चारचे ठोके पडायला लागले. एरवी त्यांनी वर बघितलं नसतं. पण त्या रात्रीपासून राग जरा सैल झाला होता. वर बघितलं तर दोघं पुन्हा फांदीवर.

बाईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. दहा महिने कुठे झाले?

आता गणिताच्या बाईला असं काही दिसल्यावर ती कपड्यांच्या घड्या घालत बसेल होय? त्यांनी स्टूल ओढलं, घड्याळाचं मागचं दार उघडलं, खडू घेतला. शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी खडू घरात होता. पहिल्या चाकाच्या एका दात्यावर खूण केली आणि मोजायला लागल्या.

सत्त्याहत्तर. पुन्हा मोजले. सत्त्याहत्तरच.

दुसरं चाक, एक्याण्णव. तिसरं, सत्त्याण्णव.

एकोणऐंशीतले दोन काढून घेतले होते आणि एकोणनव्वदात दोन घातले होते. पोराने हिशेब असा बरोबर ठेवला होता की नजरेला काही म्हणजे काही खटकू नये. बाईंनी भिंतीवरच, शाळेतल्या फळ्यासारखा, गुणाकार मांडला. उत्तर आलं ६७९६७९.

त्या उत्तराकडे बघत राहिल्या. तेच तीन आकडे, लगोलग दोनदा. वर्गात त्या मुलांना ही गंमत करून दाखवायच्या: मनात कुठलेही तीन आकडे धरा, ते पुन्हा त्यांच्याच पुढे लिहा, मी न बघता सांगते, तुमच्या संख्येला सातने भाग जातो, अकरानेही जातो, तेरानेही जातो. पोरं तोंडात बोटं घालायची. जादू काही नाही. तीन आकडे दोनदा लिहिले म्हणजे त्यांना एक हजार एकने गुणलं, आणि एक हजार एक म्हणजे सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार. त्या तिघांची कुठल्याही अशा संख्येत वस्ती असतेच, दिसो न दिसो.

बाईंनी अवयव पाडले. अकरा साती सत्त्याहत्तर. तेरा साती एक्याण्णव. सत्त्याण्णव एकटा.

सात दोनदा आला होता. एक या चाकात, एक त्या चाकात.

आणि तिथे बाईंनी कपाळावर हात मारला. तीन घंटा वेगवेगळ्या वेळाने वाजतात, तर तिन्ही एकदम कधी वाजतील? हे उदाहरण त्यांनी फळ्यावर किती वेळा घातलं असेल! गुणाकार करणाऱ्या पोरांना किती रागावल्या असतील! "अरे, लसावि काढा लसावि! जे दोघांत सामाईक आहे ते दोनदा कशाला धरता?" आणि स्वतःच्या घरात, दुसऱ्याने सांगितलेल्या दात्यांवरून काढलेलं अठ्ठ्याहत्तर वर्षं हे उत्तर मान्य करून त्या अकरा वर्षं रडत बसल्या होत्या. दाते मोजून बघितले नव्हते.

एक सात काढून टाकला. उरले सत्त्याण्णव हजार सत्त्याण्णव. त्याला चोवीसने भागून दिवस काढले, दिवसांची वर्षं केली. अकरा वर्षं आणि वर चार आठवडे. टिक्या गेला तो दिवस त्यांना आठवावा लागला नाही. तो दिवस विसरायचा कसा, हाच तर प्रश्न होता. त्यांनी बोटांवर महिने मोजले. हे दोघं पुढच्या वेळी फांदीवर येतील तेव्हा तिसराही येणार होता. सहा आठवड्यांनी, सकाळी नऊ वाजता.

भिंत ओल्या फडक्याने पुसली. दात्यावरची खडूची खूण पुसली. मग फोन लावला. त्यांनी स्वतः फोन लावायची ती पहिलीच वेळ असेल.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"सात दोनदा आलाय रे," बाई म्हणाल्या.

पलीकडून तेच हसू, अकरा वर्षांपूर्वीचं. पण या वेळी ते मध्येच ओलं झालं. "बाई, मार्क किती देताय?"

"मेल्या! सांगायचं नाहीस?"

"तू पोटात ठेवलं नसतंस. आणि बाबांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी नवी चाकं बसवली असती. चुकलेलं चाक ते घरात ठेवतील का? चाकं कापली तेव्हा जायचं काही ठरलं नव्हतं, आई. तुम्हा दोघांना ते बघायला मिळावं एवढंच होतं मनात. बाबा तो शब्द बोलून बसतील हे कुणाला माहीत?"

"पण मधे एकदा तरी यायचंस रे."

"आलो होतो. समोरच्या फुटपाथवरून बघितलं. तू काउंटरवर बसून कुणाच्या तरी पोराला पाढे विचारत होतीस. बाबा आतून ओरडले, 'बाई, त्याला घड्याळ दुरुस्त करून हवंय, पास व्हायचं नाहीये.' आत आलो असतो तर त्यांचा शब्द मोडला असता. मग ते ना माझे राहिले असते, ना स्वतःचे."

"नऊला ये," बाई म्हणाल्या.

"नऊला दारात असेन."

त्यानंतरचे आठवडे बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. मनात आनंद मावत नाही आणि चेहरा सुतकी ठेवायचा! शिवाय जिवाला घोर. घड्याळजींचा डोळा आता स्वच्छ झाला होता, आणि तीन वेळा ते पेचकस घेऊन उठले, "मागच्या घड्याळाला तेल घालून येतो." पहिल्या वेळी बाईंनी आपलं मनगटी घड्याळ पुढे केलं, "आधी हे बघा, बंद पडलंय." चावी त्यांनीच बाहेर ओढून ठेवली होती. घड्याळजींनी भिंग लावलं, चावी आत दाबली, घड्याळ परत दिलं. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "अहो बाई, या घड्याळाला तुमच्या घरी काहीतरी जाच आहे."

तो दिवस उजाडला. बाई उठल्या तर घड्याळजी आधीच उठलेले. दाढी केलेली, धुतलेला सदरा. दुकानाचं दार उघडलं होतं, पण काउंटरवर काम नव्हतं.

"अहो, जरा बाजारात जाऊन येता?" बाईंनी विचारलं. "साबण संपलाय."

"कपाटात एकवीस वड्या आहेत."

"मग... बटाटे."

"नऊपर्यंत मी कुठे जात नाही," घड्याळजी म्हणाले, आणि माळ्यावरून काहीतरी खाली काढायला लागले. ते टिक्याचं स्टूल होतं. त्यांनी ते फडक्याने पुसलं आणि मागच्या खोलीत घड्याळाखाली, आपल्या स्टुलाशेजारी ठेवलं.

बाई मागोमाग खोलीत आल्या.

"तीस वर्षं लसावि शिकवलात," घड्याळजी पाठमोरेच म्हणाले, "आणि घरातला सोडवायला अकरा वर्षं?"

"तुम्हाला... कधीपासून?"

"तो गेल्यावर सहा आठवड्यांनी. दोघं एकत्र बसलेले दिसले. दाते मोजले." ते स्टुलावर बसले. "नवी चाकं कापायला घेतली होती मी, बाई. घड्याळाचे चारातले तीन स्क्रू काढले. चौथ्याला हातच चालेना. तो का हसला ते तेव्हा कळलं."

"आणि मला नाही सांगितलंत!"

"तुम्ही त्याला फोनवर सांगितलं असतंत, बाबांना कळलंय, आता ये. तो आला असता. आणि मी दारात उभा राहून काय बोललो असतो, मलाच माहीत नाही." त्यांनी हाताची घडी घातली. "म्हणून दोघं बसायची वेळ आली की तुम्हाला चहा टाकायला पाठवायचो. भलत्या वेळेचे किती चहा प्यायलो मी!"

बाई रडत होत्या की हसत होत्या, देवाला ठाऊक. एवढी वर्षं ज्या घड्याळावर राग धरला, ते हा माणूस दर आठवड्याला भरवत होता ते कशासाठी, हे आज कळत होतं. त्याच्या आयुष्यातलं एकमेव चुकलेलं चाक.

नऊचे ठोके पडले. डावीकडे बघणारा आला, उजवीकडे बघणारा आला, आणि मधे, चोच वर करून, बारका.

दार वाजलं नाही.

सव्वानऊ झाले. बाई दारात जाऊन रस्ता बघून आल्या. साडेनऊ. फोन लावला तर लागेना. घड्याळजी पक्ष्यांवरची नजर हलवत नव्हते. पावणेदहाला बाई म्हणाल्या, "गाडी उशिरा असेल हो. येईल. अकराला येईल, दुपारी येईल."

"दहाला हे उठतील," घड्याळजी म्हणाले. "हे बसतील तेव्हा ये, असं मी म्हणालो होतो."

"अहो, आता तरी!"

"पुढच्या खेपेला मी नसेन, बाई."

काटा दहाला टेकायला आला. घड्याळजी उठले. त्यांनी काचेचं खालचं दार उघडलं, हात आत घातला, आणि हलणारा लंबक दोन बोटांत धरला, हळू, झोपाळ्यावरचं मूल उतरवून घ्यावं तसा.

टिकटिक थांबली. खोलीत इतकी शांतता कधीच झाली नव्हती. तीन पक्षी फांदीवर तसेच बसून राहिले.

बाई दुसऱ्या स्टुलावर बसल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ते सांगणारं घड्याळ तर थांबलं होतं, आणि दुकानातल्या घड्याळांकडे बघायला कुणी उठलं नाही.

मग दुकानाच्या दाराची घंटी वाजली. खांद्यावर पिशवी, केस विस्कटलेले, कानांजवळ थोडे पांढरे. धापा टाकत तो मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबला. "बाबा, रस्ता बंद होता, शेवटी पळत..." आणि त्याची नजर वर गेली. पक्षी बघितले, लंबक बघितला, लंबकावरची वडिलांची दोन बोटं बघितली. कारखान्यात कितीही वर्षं काढली तरी हाड घड्याळजीचंच. तो आपसूक पुढे झाला.

"थांबलंय हे. सोडा, मी चालू करतो."

"राहू दे," घड्याळजी म्हणाले. "घाई काय आहे?"